हैबत, सोबत, नौबत...

बऱ्याच दिवसांपासून एक नाव डोक्यात घोळतंय. हैबत. राव लावून हैबतराव.

आमच्या सोनपेठकडे हे नाव ऐकून कुणी मान वर करून बघत नाही. गोदावरीच्या अलीकडं-पलीकडं, परळी-गंगाखेड-पाथरीच्या पट्ट्यात साठी उलटलेल्या माणसांची यादी करायला बसा. दौलतराव, साहेबराव, हिंमतराव, फकीरराव, पिराजी आणि एखादा तरी हैबतराव निघणारच. पुढच्या पिढीत मात्र ही नावं नळ बंद करावा तशी बंद पडली. संजय, राजू, अनिल आले. आता तर बारशाला गेलं की दोन-दोन अक्षरी नावं असतात, अर्थ विचारला तर बाळाची आई मोबाईल बघून सांगते. (वहिनी, तुला म्हटलं नाही!)

तर हैबत. शब्द अरबी आहे. मूळ धातू ह-य-ब, अर्थ भिणे. पण साधं भिणं नव्हे. साप दिसला की वाटते ती भीती वेगळी आणि मोठ्या माणसासमोर उभं राहिल्यावर जीभ आपोआप जरा आखडते ती वेगळी. हैबत म्हणजे ती दुसरी. दरारा, वचक, जरब. मराठीत 'हैबत खाणे' म्हणजे समोरच्याचा रुबाब बघूनच गारठणे. अरबी वर्तमानपत्रांत 'हैबतुद्दौला' असा शब्दप्रयोग आजही सर्रास वापरतात. राज्याचा वचक, सरकारची पत, असा त्याचा अर्थ. लेबनॉनमध्ये 2017 साली 'अल हैबा' नावाची टीव्ही मालिका सुरू झाली आणि तिचे पाच भाग निघाले. सरहद्दीवरच्या गावातलं शस्त्रांची चोरटी ने-आण करणारं एक घराणं, अशी तिची गोष्ट. म्हणजे तिकडं शब्द ठणठणीत जिवंत आहे.

पण अरबांमध्ये हे पोरांना ठेवायचं नाव म्हणून फारसं चालत नाही. ते नाव झालं इराणी आणि हिंदुस्थानी दरबारांत. शेरशहाचा एक मोठा सरदार हैबतखान नियाझी होता. बंगालच्या सिराजुद्दौलाच्या बापाचा किताब हैबतजंग. मग दख्खनेतल्या मराठा घराण्यांनी तो शब्द उचलला आणि पुढं आपला राव जोडला. राव आला संस्कृत 'राजा'पासून प्राकृतातून घरंगळत. आता सांगा, हैबतराव हे नाव कुठलं? अर्धं अरबस्तानातलं, अर्धं आपलं, आणि दोन्ही अर्धी मिळून ज्याच्या अंगावर चढली तो माणूस सोनपेठचा.

जाता जाता एक. अफगाणिस्तानातल्या बातम्यांत येणारं 'हिबतुल्ला' हे नाव आणि आपला हैबत यांचा काही संबंध नाही. हिबा म्हणजे देणगी. मराठवाड्यातल्या जुन्या जमिनीच्या कागदांत हिबानामा असतो ना, तोच हिबा. धातू वेगळा. ऐकायला भाऊ वाटतात, पण साधे शेजारीसुद्धा नाहीत.

आता हे सगळं मी का उकरतोय?

आमचे थोरले काका हैबतराव. 1936 सालचा जन्म, चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ, पुण्यात असतो. त्याच्या प्रत्येक कागदावर मधलं नाव हैबतराव. मध्यंतरी तो भाड्यानं घर बघत होता. एका घरमालकानं आधार कार्ड हातात घेतलं, मधल्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुठलं? तुम्ही त्यातले का?" भावानं गडबडीनं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, कुलदैवत सांगितलं. मालक हसले, चहा आला, घर मिळालं. तेव्हापासून आमच्या भावाचं चाललंय की राजपत्रात जाहिरात द्यायची आणि वडिलांचं नाव 'हेमंतराव' करून घ्यायचं. म्हणजे पोरांना पुढं कटकट नको.

मी नको म्हणालो तर म्हणतो, "दादा, तुझं काय जातंय? तुझ्या मधल्या नावात श्रीराम आहे."

बोलणं खरं आहे त्याचं. म्हणून फोनवर वाद घालण्यापेक्षा सविस्तर लिहितोय. तोही वाचतो इथलं, आणि काकूही नातीकडून वाचून घेते.

आधी त्या शब्दाची सोयरीक बघू. शाळेत असताना आम्ही भावंडं उन्हाळ्यात माळवदावर झोपायचो तेव्हा यमकं जुळवायचा खेळ असायचा. एकानं शब्द द्यायचा, बाकीच्यांनी अडेपर्यंत जुळवत जायचं. काकांच्या नावाची पाळी आली की रात्र संपायची पण शब्द संपायचे नाहीत. किंमत, हिंमत, दौलत, इज्जत, मेहनत, कसरत, हरकत, बरकत, सवलत, मसलत, मुदत, फुरसत, हुज्जत, कुवत, रयत... आणि अगदी 'बत'ला 'बत' हवं असेल तर सोबत, नौबत, खलबत, शरबत, तुरबत.

हे सगळे शब्द अरबी, तेव्हा आम्हाला कुठं माहीत! आणि यमक जुळतं तो योगायोगही नाही. अरबीत पुष्कळ नामांच्या शेवटी एक खास अक्षर येतं. शब्द एकटा असला तर ते 'आ' किंवा 'अ' सारखं ऐकू येतं : हैबा, दौला, हिम्मा. पुढं दुसरा शब्द जोडला की त्यातला लपलेला त बाहेर येतो : हैबतुद्दौला. फारसीनं हे शब्द घेताना काहींचा तो त कायम ठेवला, काहींचा सोडला. आणि फारसीकडून ते दोन्ही नमुने आपल्याकडे आले. त राहिला ते हैबत, दौलत, हिंमत, किंमत. त गळाला ते कायदा, फायदा, खुलासा, किल्ला. कायदा आणि दौलत यांचं शेपूट मुळात एकच!

गंमत पुढंच आहे. ते अक्षर अरबीत मुख्यतः स्त्रीलिंगाची खूण. मराठीत आल्यावर त-वाल्या बहुतेक बायाच राहिल्या : ती दौलत, ती हिंमत, ती हरकत, ती सोबत (शरबत तेवढं नपुंसकलिंगी निघालं). आ-वाले मात्र सगळे बाप्ये झाले : तो कायदा, तो फायदा, तो किल्ला. हे कुणी समिती नेमून ठरवलं नाही. 'आ'नं संपणारं ते पुल्लिंगी, या मराठीच्या सवयीनं ते आपसूक झालं. तिनं परक्याला घरात घेतलं ते आपल्या नियमानं.

अर्थही तिनं आपल्याला हवे तसे वळवले. हरकत म्हणजे अरबीत हालचाल, आपण म्हणतो "माझी हरकत नाही". 'कसरत'चं मूळ आहे विपुलता, पुन्हा पुन्हा करणं. त्यातून आपण दंडबैठका काढल्या. हुज्जत म्हणजे पुरावा, युक्तिवाद. आणि आपली हुज्जत म्हणजे एसटीत सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी होते ती. साहेब आणि सोबत हे तर एकाच धातूचे. साहेब म्हणजे मुळात सोबती. तहसीलमध्ये एखाद्या साहेबाला हे सांगून बघायला पाहिजे!

परभणीचा उरूस ज्यांचा भरतो ते सय्यद शाह तुराबुल हक. त्या उरुसाला आमच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जात आली. तुराब म्हणजे माती, आणि तुरबत म्हणजे थडगं, तेही त्याच धातूचं. नावात माती असलेल्या माणसाच्या मातीला माथा टेकायला दोन्हीकडचे लोक रांगेत उभे राहतात.

आणि जोडशब्द आठवा. संगतसोबत, धनदौलत, मानमरातब, अंगमेहनत. पुढचा शब्द संस्कृताच्या घरचा, मागचा अरबीच्या. हे कुणी पंडितानं केलेलं नाही. एकाला एक कळला नाही तर दुसरा कळावा म्हणून बाजारात आणि बांधावर झालेलं काम आहे ते.

आता भाऊ म्हणेल, शब्दांचं ठीक आहे, नावाचं बोल.

नावाचंच बोलतो. शिवाजीमहाराजांच्या वडिलांचं नाव शहाजी, चुलत्यांचं शरीफजी. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, मुलं झाली तेव्हा त्या एका नावाची दोन करून दोघांना ठेवली, असं परंपरा सांगते. शाह फारसी, शरीफ अरबी. शरीफजी 1624 साली भातवडीच्या लढाईत पडले. अण्णा भाऊ साठ्यांची 1959 सालची कादंबरी 'फकिरा', नायकाचं नावही तेच. फकीर हा शब्द अरबी, अर्थ गरीब. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर ओळखले जाणारे आणि 2022 साली पद्मश्री मिळालेले डॉक्टर बावस्कर आपल्याच मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातले. त्यांचं नाव हिंमतराव. यातलं कुठलं नाव राजपत्रात देऊन बदलायचं?

आणि आमच्या आत्याला विचारा. ती दरवर्षी आषाढीला चालते. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप ज्यांनी दिलं ते कोण? हैबतबाबा आरफळकर. साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतराव पवार. ते ग्वाल्हेरला शिंद्यांच्या चाकरीत होते. गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी धरलं, कोंडून ठेवलं, तिथं ते हरिपाठ म्हणत राहिले आणि सुटले. मग घराकडं न जाता आळंदीला गेले, अशी कथा सांगतात. नंतर त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोहळा बांधला. फौजेत मुरलेला माणूस, त्यामुळे बांधणीही फौजी. रथापुढं सत्तावीस दिंड्या, प्रत्येकीची जागा ठरलेली, चोपदार, अश्व, मुक्कामाला समाजआरती. बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे घोडे अजून येतात. लाखभर माणसं चालतात आणि एका दंडासरशी गप्प होतात, ती हैबत कुठून आली ते नावातच आहे. आळंदीच्या महाद्वारातली पायरी 'हैबतबाबांची पायरी' म्हणून ओळखली जाते. कार्तिक वद्य अष्टमीला त्या पायरीची पूजा झाल्यावरच संजीवन समाधीचा सोहळा सुरू होतो. माऊलींकडं जाणारा प्रत्येक वारकरी आधी त्या अरबी नावापाशी वाकतो, आणि त्यात काही अरबी आहे असं आजवर एकाही वारकऱ्याला वाटलं नाही.

इथं थोडं थांबतो, कारण हे वाचून कुणी "बघा किती सलोखा होता" म्हणत डोळे पुसायला लागेल. तसं मला म्हणायचं नाही. हैबत, दौलत, हिंमत ही नावं कुणी भाईचाऱ्यासाठी ठेवली नव्हती. सत्ता त्या भाषेत बोलत होती, किताब त्या भाषेत मिळत होते, म्हणून ती नावं आली. आज पोराच्या बुलेटवर 'किंग' लिहितात ना, तोच प्रकार. पिराजी आणि फकीरा ही नवसाची नावं, त्यांची गोष्ट वेगळी, ती श्रद्धेची. हैबतराव मात्र रुबाबाचं नाव आहे.

भाषा शुद्ध करण्याची खटपटही जुनी. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तो राज्याच्या अभिमानाचा भाग होता आणि मला तो समजतो. आपलं राज्य आपल्या शब्दांत चालावं असं वाटण्यात गैर काय? त्यातलं अमात्य, सचिव राहिलं. पण फौज, किल्ला, हुकूम हेही राहिलंच. सावरकरांनी दिनांक रुळवला, आणि आपण फॉर्मवर दिनांक लिहून घरात तारीखच विचारतो. माधव जूलियनांचं मला फार नवल वाटतं. फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे, 1925 साली फारसी-मराठी कोश करणारे, आणि तेच पुढं भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले, 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिलं. टोपणनाव मात्र शेवटपर्यंत परदेशीच. असो. मुद्दा एवढाच की शब्द बदलण्याला माझा विरोध नाही. चांगला पर्याय आला तर लोक घेतात, नाही आवडला तर टाकतात. पण माणसाचं नाव ही लोकांनी घ्यायची-टाकायची गोष्ट नाही. ते त्याच्या आईबापानं दिलेलं असतं, आणि काकांच्या बाबतीत तर देणारे आणि घेणारे दोघंही आता नाहीत.

आणि देणारे कोण होते? आमचे आजोबा. निजामाच्या राज्यातले. 1948 साली रझाकारांच्या भीतीनं त्यांनी घर सोडलं, चार महिने बायकापोरांना घेऊन वऱ्हाडात काढले. काका तेव्हा बारा वर्षांचे, बैलगाडीत मागं बसून गेल्याचं सांगायचे. 17 सप्टेंबरनंतर सगळे परत आले. नंतर उलट्या बाजूनं काय काय झालं तेही आजोबांनी पाहिलं होतं. पंडित सुंदरलाल समितीनं त्याच वर्षी फिरून ते लिहून ठेवलंय. राग धरायला सगळ्यात जास्त कारण ज्या माणसाला होतं त्याच्या मनात आपल्या मुलाचं नाव बदलावं असं एकदाही आलं नाही. रझाकार वेगळे आणि हैबत वेगळी, हे त्यांना न शिकता कळत होतं. पुण्यातल्या घरमालकाला कळत नाही, एवढाच फरक.

आता जे फोनवर नीट बोलता आलं नाही ते. भाऊ, तुला त्या माणसानं विचारलं, तू कुलदैवत सांगितलंस आणि घर मिळालं. समज, उत्तर 'होय' असतं तर? आपल्या गल्लीतला तुझा वर्गमित्र, ज्याच्या घरचा शिरखुर्मा तू डबा भरून आणायचास, तोही पुण्यात नोकरीला आहे. तो काय सांगणार? त्याला कुठलं राजपत्र? तुझी अडचण एका अक्षराच्या फेरफारानं सुटते म्हणून तुला ती नावाची अडचण वाटते. ती नावाची नाहीच. तुला ते विचारलं याचा राग तुला आला, तो चूक नाही. पण तो "मला त्यातला समजले" म्हणून आला की "घर देताना हे का विचारतात" म्हणून, ते तूच ठरव.

हेमंत हे नाव वाईट नाही. छान ऋतू आहे. पण तो काकांच्या अंगाला बसत नाही. सहा फुटी माणूस, आवाज असा की शेतातून हाक मारली की बैल वळायचा. गावातल्या तुकाराम बीजेच्या सप्ताहात पंगतीला उभे राहिले की पोरं ताटात टाकलेलं पुन्हा उचलून खायची. मृत्यूच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडं हैबतराव. त्यातल्या एका कागदावरून ते उतरलं की उरलेले सगळे कागद खोटे ठरतात, आणि मग खरं कोण होतं हे सिद्ध करत तुझी पोरं तलाठ्याकडं खेटे घालतील. (हा व्यवहारी मुद्दा. मोठे मुद्दे पटले नाहीत तर निदान हा ऐक.)

काकूला मी विचारलं होतं. ती म्हणाली, "उखाण्यात घेतलेलं नाव हाय ते. आता दुसरं कुठून जुळवू?" तिच्या उखाण्यात हैबतरावांच्या जोडीला सोबत होती, हे घरातल्या सगळ्यांना पाठ आहे.

जाऊ दे, बरंच लांबलं. 'बत'नं संपणारे आमच्या माळवदावरचे वर दिलेले सोडून मला आणखी एकच सापडलाय : बाबत. तोही अरबी. तुमच्या लक्षात आणखी असतील तर कळवा. अट एकच, 'आंबट' चालणार नाही. तो मी सात वर्षांचा असताना खपवला होता आणि काकांनी तेव्हाच बाद ठरवला होता.